गाठ दुखत नाही तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई गणित शिकवायच्या आणि लांबलचक प्रस्तावना त्यांना खपत नसे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. मलाही ते सोयीचंच आहे. डॉक्टरांच्या व्याख्यानात कामाचं ते शेवटी येतं आणि तोवर खेड्यांतून आलेल्या बायका शेवटची एस.टी. पकडायला उठून गेलेल्या असतात. म्हणून स्तनाच्या कर्करोगाची चिन्हं आधी सांगून टाकते.

सर्वांत जास्त आढळणारं चिन्ह म्हणजे गाठ. बहुधा एकाच स्तनात, कठीण, कडा नीट न लागणारी, बोटाखाली फारशी न सरकणारी आणि न दुखणारी. निम्म्याच्या आसपास गाठी स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात होतात, कारण स्तनाच्या ग्रंथी तिथंच जास्त असतात. कधी नेमकी गाठ लागत नाही. दुसऱ्या बाजूच्या मानानं एखादा भाग जाड, घट्ट वाटतो. तेही दाखवायचं. काखेत गाठ आली तर तीही याच खात्यात धरायची. मग त्वचा. एखाद्या जागी ती आत ओढली जाते, खळी पडते. हात डोक्यावर नेला की ही खळी जास्त स्पष्ट दिसते. कधी त्वचा सुजून तिची छिद्रं ठळक होतात आणि ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. ही उपमा माझी नाही, सर्जरीच्या पुस्तकांतलीच आहे. मग बोंड. आजवर बाहेर असलेलं बोंड आत वळू लागलं तर त्याकडे लक्ष द्यायचं. ज्यांचं वयात आल्यापासून आत आहे त्यांनी घाबरण्याचं कारण नाही. एकाच बोंडातून, न दाबता, आपणहून रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव आला तर थांबायचं नाही. दोन्ही बाजूंनी, दाबल्यावरच, दुधाळ किंवा हिरवट काही येत असेल तर कारण बहुधा वेगळं असतं, तरी एकदा दाखवून घ्यावं. आणि शेवटचं, एका स्तनाचा आकार बदलणं. नेहमीचा ब्लाउज एकाच बाजूला घट्ट होऊ लागला म्हणून तपासायला आलेल्या बाईची शंका खरी ठरल्याचं मी पाहिलं आहे.

आणखी दोन चिन्हं आहेत, ती फसवी आहेत. पहिलं म्हणजे बोंडावरची खाज, खपली, ओलसर लाली. इसब समजून महिनोन्‌महिने मलम चोळलं जातं. १८७४ मध्ये लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी अशा सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत लिहून ठेवली. आधी बोंडावर इसबासारखं काही दिसलं आणि दोन वर्षांच्या आत त्याच स्तनात कर्करोग उघड झाला. दीडशे वर्षं झाली, पण मलम चोळणं थांबलेलं नाही. दुसरं म्हणजे स्तन अचानक लाल, गरम, सुजलेला होणं, आणि तेही हाताला गाठ न लागता. हा कर्करोगाचा क्वचित आढळणारा, पण झपाट्यानं वाढणारा प्रकार आहे. तो हुबेहूब पू होण्याआधीच्या सुजेसारखा दिसतो. सूज जंतुसंसर्गाचीच असेल तर योग्य औषधानं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरायला हवी. उतरली नाही तर औषधाचा तिसरा कोर्स मागू नका, तपासणी मागा.

चिन्हं संपली. ज्यांना जायचं असेल त्यांनी आता गेलं तरी माझी हरकत नाही. राहिलेल्या वेळात मला वेगळाच प्रश्न मांडायचा आहे. इतकी थोडी, हाताला आणि डोळ्यांना कळणारी ही चिन्हं असूनही आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावरच बाई दवाखान्यात का पोहोचते?

त्याचं एक कारण गाठीच्या स्वभावातच आहे. माझ्या ओ.पी.डी.त छातीची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक जणींना दुखत असे. पाळीच्या आधी छाती जड होते, ठणकते, गाठीगाठी लागतात. पाळी आली की उतरतं. हा संप्रेरकांच्या चढउताराचा परिणाम. गाठ नसताना नुसतं दुखणं हे कर्करोगाचं लक्षण क्वचितच असतं. म्हणजे जिला बहुधा काही झालेलं नाही ती धावत येते आणि जिला झालेलं असण्याची शक्यता आहे ती घरी बसते. त्यात तिची चूक काय? आपण सगळेच शरीराचं ऐकतो ते ते दुखतं तेव्हा. कापूस वेचायची मजुरी बुडवून, तालुक्याचं भाडं खर्चून, न दुखणारी गोष्ट दाखवायला कोण जाईल? सुरुवातीच्या गाठीत दुखण्यासारखं काही नसतंच. पेशी सावकाश वाढत असतात, दाह नसतो, पू नसतो. ती दुखायला लागते, त्वचा फुटते, तेव्हा बराच पल्ला गाठलेला असतो. याचा अर्थ दुखणारी गाठ निर्धोक, असा मात्र कुणी काढू नये. गाठ दुखो वा न दुखो, ती दाखवायचीच.

दुसरं कारण असं की बाईच्या प्रत्येक वयासाठी आपल्याकडे एकेक सबब तयार असते. मुलगी वीस-बावीसची असेल तर बोटाखालून निसटणारी, गुळगुळीत गाठ बहुधा फायब्रोॲडिनोमाची असते. तो कर्करोग नव्हे. पण घरात त्या गाठीपेक्षा मोठी काळजी असते ती लग्न ठरायचं आहे याची. ‘कुणाला कळता कामा नये’ या एका धास्तीपायी साधी सोनोग्राफीसुद्धा लांबवली जाते. बाळंतिणीच्या गाठीला ‘दूध साकळलंय’ म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण साकळलेलं दूध शेकानं आणि बाळाला पाजल्यानं काही दिवसांत मोकळं होतं. महिना झाला, गाठ तिथंच आहे, तर तिला दुधाच्या नावावर ठेवू नका. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असतानाही कर्करोग होऊ शकतो, आणि त्या काळात स्तन भरलेले असल्यानं तो ओळखायला अवघड जातो. काखेतल्या गाठीला काखमांजरी म्हणून लेप लागतो. काखमांजरी दुखते, लाल होते, पिकते आणि फुटते. यातलं काहीच न करता नुसती बसून राहिलेली गाठ काखमांजरी नव्हे.

आणि साठीची आजी! तिची सबब मला सर्वांत जास्त टोचते. ‘आता या वयात काय उघडं पडायचं?’ वास्तविक वय वाढतं तसा या रोगाचा धोका वाढतो, आणि त्या वयात नवी गाठ निर्धोक असण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणजे जिनं सर्वांत आधी यावं ती सर्वांत शेवटी येते, तीही सुनेनं किंवा मुलीनं अंघोळ घालताना पाहिलं म्हणून. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी हा रोग दिसतो असं म्हणतात. ते खरं आहे, पण त्यातला बराच भाग आपली लोकसंख्याच तरुण असल्यामुळे आहे. म्हणून चाळिशीच्या बाईला सावध करताना आजीला विसरू नका.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ ही सबब तर सर्व वयांना चालते. ज्यांना हा रोग होतो त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांच्या आई, बहीण, मावशी यांपैकी कुणालाही तो झालेला नसतो. जनुकातून वारशानं येणारे रुग्ण शंभरात पाच ते दहाच. घराण्यात असेल तर जास्त जपावं, हे खरं. नसेल तर सूट मिळते, हे खोटं. पुरुष मंडळींनीही ऐकून ठेवावं: स्तनाच्या कर्करोगाचा शंभरातला साधारण एक रुग्ण पुरुष असतो, आणि तो तर स्वप्नातही शंका घेत नाही.

आता गाठ लागली, पुढे काय? पहिली गोष्ट, स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कुठली आहे आणि कुठली नाही, हे नुसत्या हातावरून सांगण्याची पैज मीही लावणार नाही. म्हणून तीन तपासण्या एकत्र करतात. डॉक्टर हातानं तपासतात, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी होते आणि गरज वाटेल तिथं सुईनं तुकडा काढतात. चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी आधी करतात. मॅमोग्राफी म्हणजे क्ष-किरणांचा फोटो. तरुण स्तनात ग्रंथी दाट असतात, त्या फोटोत पांढऱ्या दिसतात; गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती लपू शकते. तिन्ही तपासण्यांचा कौल एकच आला की डॉक्टर आणि बाई दोघींचीही झोप शाबूत राहते. एकीचा कौल वेगळा आला तर पुन्हा बघायचं.

सुईला लोक फार भितात. ‘गाठीला टोचलं की पसरते’ हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या, अगदी प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं आहे. सुईनं तपासल्यामुळे रोग पसरून बाई दगावते, याला आधार नाही. मग समज आला कुठून? गाठ वर्षभर अंगावर काढायची, शेवटी सुई टोचायची, आणि चार महिन्यांनी बाई गेली की दोष सुईला द्यायचा. दोष त्या वर्षाचा होता.

मी तरुण होते तेव्हा आम्ही जागोजाग सांगत फिरायचो: दर महिन्याला आरशासमोर उभं राहून स्वतःची तपासणी करा. तक्ते होते, रबरी नमुने होते. हे शिकवल्यानं जीव वाचतात का, हे चीनमध्ये शांघायला कसून तपासलं गेलं. १९८९ पासून तिथल्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला स्वतपासणी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा सराव करून घेतला, दुसऱ्याला नाही. दहा-अकरा वर्षांनी मोजलं तेव्हा शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगानं १३५ मृत्यू झाले होते आणि न शिकवलेल्या गटात १३१. फरक शून्य. उलट शिकवलेल्या गटात निर्धोक गाठी जास्त सापडल्या, त्यांच्यासाठी जास्त स्त्रियांना टाके पडले. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना ते रुचलं नाही.

आता मुंबई बघा. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका स्तनाची हातानं तपासणी करत, चिन्हं समजावून सांगत, आणि शंका आली तर बाईला रुग्णालयात पाठवत. या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, आणि सगळ्या वयांची मिळून आलेली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. पन्नाशीचं विभाजन नंतरच्या विश्लेषणात केलेलं आहे, असा आक्षेप काही जण घेतात. तो मान्य करूनही मला या अभ्यासाचं मोल फार वाटतं.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून मी असा अर्थ लावते. हा अर्थ माझा आहे, त्या संशोधकांच्या माथी मारू नका. शांघायमध्ये बाईला सांगितलं, ‘तू शोध.’ मुंबईत बाईच्या दारात दुसरी बाई आली, तिनं हात लावला, आणि पुढे कुठं जायचं तो रस्ता तयार होता. आपल्या बायकांना गाठ सापडत नाही असं नाही. अंघोळीला साबण लावताना, पोलका बदलताना ती सापडतेच. अडतं ते सापडल्यावर. कुणाला सांगायचं? सासूला, नवऱ्याला, की शेजारणीला? म्हणून मी आता महिन्याच्या परीक्षेचा धोशा लावत नाही. आपला स्तन एरवी हाताला कसा लागतो याची ओळख असू द्या. बघायचंच असेल तर पाळी येऊन गेल्यावरच्या दिवसांत, चिमटीत न धरता, बोटांच्या पेरांच्या सपाट भागानं बघा. आणि काही नवं वाटलं तर कुणाला सांगायचं, हे आजच ठरवून ठेवा.

सरकारी यंत्रणेत हा रस्ता निदान कागदावर आखलेला आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकीचा एक फॉर्म भरतात. त्यात छातीबद्दल तीन प्रश्न आहेत: गाठ आहे का, बोंडातून रक्ताळ स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. पण हे प्रश्न विचारले जातात कुठं? ओट्यावर. सासरे खाटेवर, दीर मोटारसायकल पुसतोय. बाई तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणते आणि आशाताई तीनदा फुली मारून पुढच्या घरी जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झालेल्या किती निघाल्या? ०.९ टक्के. शंभरात एकही पुरती नाही. मला विचाराल तर मॅमोग्राफीच्या आणखी गाड्या घेण्याआधी आशाताईंनी हा फॉर्म स्वयंपाकघरात बसून भरावा, एवढा बदल करून बघावा. त्याला खर्च काहीच नाही.

जागतिक अंदाजांनुसार २०२२ मध्ये भारतात १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्यानं झाला आणि ९८ हजारांवर स्त्रिया त्यानं गेल्या. आपल्या कर्करोग नोंदणी केंद्रांतल्या रुग्णांवरच्या अलीकडच्या अभ्यासात, रोग स्तनापुरताच असताना सापडलेल्या शंभरांपैकी ८१ स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. काखेपर्यंत किंवा आजूबाजूला पोहोचल्यावर सापडलेल्या ६५. दूरच्या अवयवांत गेल्यावर सापडलेल्या १८.  जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये उद्दिष्ट ठेवलं ते असं, की बाई पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढल्यापासून ६० दिवसांत निदान पक्कं व्हावं. पायरी चढण्याआधीचे दिवस मोजायला कुणी नसतं. ‘सुगी आटपू दे’, ‘धाकटीची दहावी होऊ दे’, ‘दिवाळीनंतर बघू’. घरातलं सगळं आटपतं, मग बाई येते.

समोर पुरुष मंडळी जास्त दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. तपासायला बाईबरोबर नवरा येतो तेव्हा बहुधा तो पैशांचं विचारतो, आणि ती स्तन काढावा लागेल का ते विचारते, तेही तो बाहेर गेल्यावर. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. योजनेतलं रुग्णालय कुठलं ते आधी विचारून घ्या. दुसऱ्याचं उत्तर शंभर वर्षांत बदललेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या हॉल्स्टेड यांच्या पद्धतीनं संपूर्ण स्तन, खालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं काढून टाकत. इटलीत उंबर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी दाखवून दिलं की लहान गाठीत फक्त गाठ काढून पुढे रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही त्यात फरक पडला नाही. ते निष्कर्ष २००२ मध्ये आले. म्हणजे स्तन जाईल या भीतीनं जी बाई गप्प बसते, तिची गाठ तेवढ्या काळात वाढते आणि स्तन राखण्याची शक्यता त्या गप्प बसण्यानंच कमी होते.

राहता राहिली व्यवहाराची चार वाक्यं. डॉक्टरकडे गेल्यावर ‘अशक्तपणा वाटतो’ असं सुरू करू नका. ‘छातीत गाठ लागते, अमुक दिवसांपासून आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. बाई डॉक्टरच हव्यात असं वाटत असेल तर तसं सांगा. त्या नसतील तर ग्रामीण रुग्णालयात नर्सबाईंना सोबत उभं राहायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. हात न लावता ‘काही नाही, चरबीची आहे’ असं कुणी म्हणालं तर सोनोग्राफीची चिठ्ठी मागा. राग आला तर येऊ द्या. आणि सगळे रिपोर्ट, काढलेल्या तुकड्याचा कागदसुद्धा, एका पिशवीत ठेवा. पुढे टाटाला जा, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जा, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी. पहिल्या दिवशी ती पिशवीच मागतात.

आता प्रश्न घेऊ. माइकवर बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठ्या पाठवा, स्वयंसेविका मधल्या वाटेनं फिरत आहेत. चिठ्ठीवर नाव लिहू नका, वय मात्र लिहा. आणि ज्यांना काही दाखवायचं आहे त्यांच्यासाठी मी कार्यक्रमानंतर शाळेच्या स्टाफरूममध्ये थांबणार आहे. तिथं दार लावता येतं.